कडी लावू नका

सुजाता लुना शिकली तेव्हा पहिला आठवडाभर तिनं गाडी स्टँडवरून खाली काढलीच नाही. शाळा सुटली की मैदानातल्या लिंबाखाली माझी लुना स्टँडवर लावायची, इंजिन चालू करायचं आणि वर बसून राहायचं. मागचं चाक हवेत गरगर फिरतंय, धूर निघतोय आणि ही ताठ पाठीनं, दोन्ही हात हँडलवर ठेवून समोर बघत बसलेली. पोरं तोंडावर हात ठेवून हसायची. आमचे हेडमास्तर खिडकीतून विचारायचे, "काय बाई, पोचलात का जुन्नरला?"

"निघालेय, गुरुजी," ती शांतपणे म्हणायची.

मी एकदा चिडून म्हटलं, "अगं, अशानं पेट्रोल संपेल, गाडी काही यायची नाही तुला."

"आज मला फक्त आवाजाची सवय करायचीय, मंदाताई. खाली उद्या उतरवू."

त्या उद्याला बरेच दिवस लागले. पण महिन्याभरात ती वारूळवाडीच्या तिच्या घरून शाळेपर्यंत एकटी गाडी चालवत यायला लागली आणि कधी पडली नाही. मी तीच लुना एका सकाळी शिकले होते आणि दुपारी उकिरड्यात घातली होती, त्यामुळं मला पुढं काही बोलायला तोंड राहिलं नाही.

नारायणगावच्या पलीकडं, द्राक्षबागांच्या मधे आमची जिल्हा परिषदेची शाळा. नव्वदच्या दशकातली गोष्ट सांगतेय. सुजाता बदलून आली ती थेट घाटघरहून. तिकडं डोंगरात, धुक्यात आणि पावसात तिनं नोकरीची पहिली वर्षं काढली होती. बाकीचे मास्तर जुन्नरहून येऊन-जाऊन करायचे, ही तिथंच खोली घेऊन राहिली. अंगानं बारीक, उंचीला बेताची, पण आवाज असा की चौथीच्या वर्गात ती पाढे म्हणवून घ्यायला लागली की माझ्या पहिलीतली पोरंही म्हणायला लागायची. रोज सकाळी आल्याआल्या वर्गातल्या सगळ्या पोरांच्या पेन्सिलींना ब्लेडनं टोक करून द्यायची. चहा बशीत ओतून पार गार करून प्यायची. आणि बसायला जागा कायम दाराजवळची. स्टाफरूममध्ये, एसटीत, लग्नाच्या मांडवात, कुठंही. दार कुणी लावून घेतलं तर उठून ते पुन्हा किलकिलं करायची. आम्हाला वाटायचं, वाऱ्याची हौस असेल.

पोरांना ती कधीही "घाबरू नको" म्हणायची नाही. एखादं पोर फळ्यापाशी गणित करायला उभं राहून लटलट कापायला लागलं की विचारायची, "भ्यायलास का?" पोर मान हलवायचं. "बरं. मग भीत भीत कर." बस, एवढंच. मी माझ्या वर्गात हे वापरून बघितलं, पण माझ्या तोंडून ते दम दिल्यासारखं निघायचं आणि पोर रडायलाच लागायचं.

एकदा शाळेच्या मागच्या उसात बिबट्या दिसला. आमच्याकडं त्या दिवसांत हे नवीन राहिलं नव्हतं, पण दिवसाढवळ्या, शाळा भरलेली असताना कुणी पाहिला नव्हता. आम्ही बाकीच्या बाया पोरांना घेऊन आत कोंडून बसलो. सुजाता मात्र व्हरांड्यात उभी राहिली आणि शाळेची घंटा बडवत राहिली, माणसं गोळा होईपर्यंत. तेव्हापासून गावात तिचं नाव झालं. "त्या बाईला भ्याव म्हंजी काय ते ठावंच न्हाई," असं शाळेत येणारे बाप एकमेकांना सांगायचे.

आता खरं काय ते ऐका.

एका दुपारी डबे खाताना आमच्यातल्या एक नवीन बाई त्यांच्या बाळंतपणाची हकिकत सांगत होत्या. बाळंतपण झालेल्या बाईला श्रोते मिळाले की ती थांबत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. कळा कशा आल्या, डॉक्टर कसे हादरले, टाके किती पडले, सगळं रंगात आलं होतं. सुजाता मधेच उठली. मी पाठोपाठ गेले तर ही नळापाशी वाकून ओकत होती. तळहात बर्फासारखे गार, ओठ पांढरे.

मी दोन मुलांची आई, माझं डोकं कुठं जाणार? लग्नाला पाच-सहा वर्षं झालेली, घरात पाळणा नाही, गावभर कुजबुज. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत हसून विचारलं, "काय गं, गोड बातमी का?"

ती तोंड पुसत माझ्याकडं बघत राहिली. मग हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. नळापाशीच, ओल्या फरशीवर बसून तिनं मला सांगितलं.

"मला मूल पाहिजे, मंदाताई. लई पाहिजे. फक्त ते व्हताना मी तिथं नको." नेहमी शुद्ध बोलणारी सुजाता फार कासावीस झाली की माहेरची, बेल्ह्याची बोली बोलायची.

बाळंतपणाच्या नुसत्या विचारानं तिचा श्वास अडकायचा. कुणी पोटुशी बाई रस्त्यानं येताना दिसली तर ही पलीकडून जायची. लग्न झाल्यापासून ती लपवून गोळ्या घेत होती. सासूबाई बिचाऱ्या कुणाकुणाकडून मूल होण्याचे काढे आणायच्या, स्वतः उकळून द्यायच्या. ही निमूट प्यायची. "काढा त्यांचा, गोळी माझी," म्हणाली. लोक वांझ म्हणायचे तेही ऐकून घ्यायची. भित्री म्हणवून घेण्यापेक्षा तिला ते सोपं वाटत होतं.

मी विचारलं, "आणि तुझ्या नवऱ्याला?"

"त्यांना ठाऊक आहे."

नवरा सुधाकर वीज मंडळात वायरमन. कमी बोलणारा माणूस. तिनं लग्नानंतर महिनाभरात त्याला सांगून टाकलं होतं. तो म्हणाला होता, "मी पण खांबावर चढताना रोज भितोच की. पट्टा बांधतो अन् चढतो. तुला कुठला पट्टा लागतो ते ठरव, मग सांग." त्यावर पाच वर्षं त्यानं पुन्हा विषय काढला नाही, आईला काही कळू दिलं नाही. अशी माणसं असतात.

मी तिला धीर द्यायला गेले आणि आमच्या आजीची गोष्ट सांगितली. आमच्या घरात ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या मिरवली जाते. आमची माणसं पूर्वी मेंढरं घेऊन रानोमाळ फिरायची. आजी वाटेतच बाळंत झाली, नाळ कापली, पोर ओटीत घातलं आणि तिन्हीसांजेला कळपाबरोबर मुक्कामाला पोचली. "बघ, आणि आपण दवाखाने असताना भ्यायचं," असं मी शेवटी म्हटलं असणार.

सुजातानं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "आणि पुढं?"

"पुढं काय?"

"मुक्कामाला पोचल्यावर? तिला भाकरी कुणी करून घातली? रक्त थांबलं का? दुसऱ्या दिवशी चालली का ती?"

गोष्ट तिथंच संपायची, आम्ही कधी पुढचं विचारलंच नव्हतं. पण तिचं ते विचारणं डोक्यातून जाईना, म्हणून रविवारी माहेरी गेले तेव्हा आईला विचारलं. आई चपापली. इकडंतिकडं बघून म्हणाली, "कुठली मुक्कामाला पोचती? वाटंतच बेसुद्ध झाली व्हती. आंबेगावच्या अंगाला एका घरात टाकली, तितल्या म्हातारीनं महिनाभर संभाळली तिला. समदा कळप थांबला व्हता तिच्यापायी. तुजा आजा रडत बसायचा म्हणं दारात."

"मग ते सांगत का नाही कुणी?"

"ते काय सांगायचं," आई म्हणाली.

सोमवारी मी ते सुजाताला सांगितलं. तिचा चेहरा इतका निवळला की मला नवल वाटलं. रक्ताची, बेशुद्धीची गोष्ट ऐकून ही उलट शांत झाली. म्हणाली, "बघा. कळप थांबला होता. हे मला आवडलं." आणि तिथून तिचा नेम सुरू झाला. कुणी बाळंतपणाची गोष्ट काढली की ती आता उठून जायची नाही. दाराजवळ बसून, पदर मुठीत धरून ऐकायची आणि शेवटी विचारायची, "पुढं? नंतर काय खाल्लंत? झोप कधी लागली? ते पोर आता कुठं असतं?" बाया बावचळायच्या. कळांपाशी गोष्ट सोडून द्यायची सगळ्यांना सवय. पण मग आठवून आठवून सांगायच्या आणि सांगता सांगता त्यांच्याच डोळ्यांत पाणी यायचं.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात तिनं गोळ्या बंद केल्या. मला येऊन सांगितलं, "आता मी बत्तीस वर्षांची झाले. भीती जायची वाट बघत बसले तर मूल राहून जाईल." पावसाळा लागता लागता तिला दिवस राहिले.

मग लुनाचा तो सगळा प्रकार पुन्हा सुरू झाला. या वेळी स्टँडवर गाडी नव्हती, सरकारी दवाखाना होता. बाळंतपण तिथं करायचं हे तिनं ठरवलं. शाळा सुटली की मी लुना चालवायची आणि ही मागं. पहिल्या दिवशी फाटकापर्यंत. तिथं उतरून उभी राहिली, घाम पुसला, "चला," म्हणाली. असे काही दिवस नुसतं फाटक झालं. मग आवार. मग व्हरांड्यातलं बाक. तिथल्या फिनेलच्या वासानं तिला मळमळायचं, तर ती लिंबू हुंगत बसायची. एकदा तिथल्या सिस्टर, चांगल्या दांडग्या बाई होत्या, कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "बाई, तुम्हाला दिवस गेलेत का नोकरी पाहिजे इथं?"

"दिवस गेलेत," सुजाता म्हणाली. "आणि मी या खोलीला फार भिते. म्हणून बघायला येते."

सिस्टरनी कमरेवरचे हात काढले. मग म्हणाल्या, "खोली रिकामी असली की दाखवीन."

सगळं असं सरळ झालं असतं तर मी लिहायलाही बसले नसते. एका दुपारी आम्ही बाकावर बसलो असताना आतून एक बाई ओरडली. फार मोठ्यानं. मी वळून पाहिलं तर शेजारी सुजाता नाही. ती फाटकातून रस्त्यावर पळाली होती. मी लुना ढकलत शोधत गेले तेव्हा पुढच्या चौकात, रसाच्या गुऱ्हाळात, ती भिंतीला टेकून बसलेली सापडली. समोर रसाचा ग्लास तसाच.

"मी हे मूल ठेवत नाही, मंदाताई," ती म्हणाली. "अजून वेळ आहे. मला नाही जमणार. मी मरेन तिथं."

"घाबरू नको" हे शब्द अगदी ओठांवर आले आणि मी ते गिळले. म्हटलं, "तू म्हणशील तसं. तुला डॉक्टरांकडं मी घेऊन जाईन. पण आज नको ठरवू." तिला घरी सोडलं आणि परतताना रस्ताभर मला धास्ती वाटत राहिली. तिला मूल किती हवं होतं ते मी ऐकलेलं होतं आणि ती किती भ्यायली आहे ते आत्ताच पाहिलेलं होतं. दोन्ही खरंच होतं. त्यातलं कुठलं जिंकेल ते मला सांगता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या ओळीत ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. डोळे सुजलेले. पोरं राष्ट्रगीताला सावधान होत होती तेवढ्यात हळूच म्हणाली, "आज बाकापर्यंत जाऊ. पळाले तर धरू नका, नुसत्या मागं या."

त्या दिवशी ती पळाली नाही.

पुढं तिनं रिकामी खोली पाहिली. टेबल पाहिलं, त्यावर झोपून पाहिलं. प्रत्येक वस्तू कशासाठी ते विचारलं. डॉक्टरीणबाई समजूतदार होत्या, म्हणाल्या, "एवढा त्रास होत असेल तर आपण आधीच ठरवून सिझर करू. त्यात लाजण्यासारखं काही नाही." सुजातानं त्यावर आठवडाभर विचार केला. मग जाऊन म्हणाली, "तुम्हाला गरज वाटली तर करा, बाई. माझी ना नाही. पण जे करणार ते मला आधी सांगा. माझ्यापासून झाकून काही करू नका." डॉक्टरीणबाईंनी शब्द दिला.

सातव्या महिन्यात आम्ही स्टाफच्या बायांनी शाळेतच तिचं डोहाळजेवण केलं. तिच्या घरी, बौद्ध असल्यानं, ओटी-बिटीचं फारसं नव्हतं, पण सासूबाई हौसेनं आल्या आणि आमच्यापेक्षा मोठ्यानं गाणी म्हणाल्या. जेवणं झाली आणि अर्थातच गोष्टी सुरू झाल्या. पण आता सगळ्यांना नेम माहीत होता. प्रत्येकीनं आपली गोष्ट शेवटपर्यंत सांगितली. सासूबाईंनीसुद्धा सुधाकरच्या जन्माची सांगितली, अगदी नंतर खाल्लेल्या आळिवाच्या खिरीपर्यंत. सुजाता सगळ्यांचं ऐकत होती. बाया पांगल्यावर पत्रावळी गोळा करता करता मला म्हणाली, "आता एकच राहिली."

"कुणाची?"

"अक्काची."

अक्का म्हणजे तिची थोरली बहीण. तेव्हा कुठं मला मूळ कळलं. सुजाता आठ-नऊ वर्षांची असताना अक्का पहिल्या बाळंतपणाला माहेरी, बेल्ह्याला आली होती. आपल्याकडची रीतच ती, पहिलं माहेरी. दार आतून कडी लावून बंद. सुजाताला बाहेर चुलीपाशी बसवलेलं, पाणी तापवत ठेवायला. आतून अक्का ओरडत होती आणि हिला कुणी काही सांगत नव्हतं. मग काकीनं दार फटीएवढं उघडून म्हटलं, "पळ, बाजारातून आबांना बोलव." बेल्ह्याचा गुरांचा बाजार, सगळीकडं बैलच बैल. ती त्या शिंगांच्या मधे अडकली, भेदरून एका जागी उभी राहिली, किती वेळ कोण जाणे. वडील सापडून घरी येईपर्यंत आतला आवाज बंद झालेला. बाळ गेलेलं. तालुक्याहून परत आणल्यावर अक्का भिंतीकडं तोंड करून निजलेली. तिनं पुढं कितीतरी दिवस सुजाताकडं पाहिलं नाही आणि त्या दिवसाबद्दल घरात पुन्हा कुणी बोललं नाही.

इकडं तिची आई बेल्ह्याहून न्यायला आली होती. "पैलं म्हायेरीच व्हतंय, लोक काय म्हणतील," म्हणून बसून राहिली. सुजातानं आईचे हात धरून सांगितलं, "आई, तुज्यावर राग न्हाई. पण त्या घरात मी बाळंत व्हणार न्हाई. तूच हितं राहा." म्हातारी रुसली, दोन दिवस जेवली नाही आणि मग गुमान राहिली.

अक्काला भेटायला आम्ही घोडेगावच्या पुढं गेलो, रविवारी. एसटीनं, कारण पोट मोठं झालं होतं. अक्का पडवीत बटाट्याचं बेणं निवडत बसली होती. रापलेली, मोठ्या हाडाची बाई. सुजाता पाणी प्यायली आणि तिनं सरळ विचारलं, "अक्का, तवा काय झालं व्हतं ते मला सांग."

मी उठायला लागले तर अक्का म्हणाली, "बसा बाई, निवडू लागा." मग मीही बटाटे निवडायला घेतले.

"तू कुठं व्हतीस तवा?" तिनं विचारलं.

"चुलीपाशी. पाणी तापवत."

अक्काचे हात थांबले. "मला वाटलं तुला काकीच्या घरी धाडलीय. तू समदं ऐकलं?"

"समदं."

"अगं आई गं," अक्का हळू म्हणाली. मग तिनं सांगितलं. पोर आडवं होतं. सुईण चांगली होती, तिचा दोष नव्हता. तालुक्याला न्यायला टेम्पो हवा होता, पण बाजाराचा दिवस, सगळे टेम्पो बैल भरून गेलेले.

"मी आबांना उशिरा आणलं," सुजाता म्हणाली. "मी बैलात अडकले व्हते. मला लई भ्याव वाटलं न मी उभीच राहिले. म्हणून पोर गेलं."

"येडी का काय तू," अक्का म्हणाली. "तुला धाडली तवाच पोर गेलेलं व्हतं. आबाला बोलावलं ते माज्यासाठी. त्यानं कुठनं तरी टेम्पो आणला, मला नेली, मी वाचले. तू आबाला आणलं म्हणून वाचले."

सुजातानं मुठीतला पदर सोडला.

"मग तू माज्याकडं बघत का नव्हतीस? भिंतीकडं तोंड करून..."

"मला दूध आलं व्हतं," अक्का म्हणाली. "पोर न्हाई अन् दूध आलं. लुगडं भिजायचं. तू आपली बारकी पोर, तुला ते काय दावू? म्हणून तोंड फिरवलं व्हतं."

मी हातातल्या बटाट्याकडं बघत राहिले, कारण दुसरीकडं बघवत नव्हतं. सुजातानं पुढं सरकून अक्काच्या मांडीवर डोकं ठेवलं, त्या एवढ्या मोठ्या पोटासकट, आणि लहान पोरीसारखी रडली. अक्कानं मातीच्या हातानंच तिच्या केसांवरून हात फिरवला.

"मागनं मला तीन झाली," थोड्या वेळानं अक्का म्हणाली. "लई दुखलं. खोटं कशाला बोलू तुला? पण झाली. तुज्या वक्ताला मी येती. मला आत यू दिलं न्हाई तरी मी भाईर बसती."

आणि ती आली. मार्चमध्ये, सकाळच्या वेळी कळा सुरू झाल्या आणि सुधाकरनं शाळेत निरोप धाडला. मी पोचले तेव्हा अक्का, आई, सासूबाई बाकावर रांगेनं बसलेल्या आणि सुधाकर फाटकापाशी येरझाऱ्या घालत होता. सुजाता व्हरांड्यात चालत होती, कळ आली की भिंत धरून उभी राहत होती. मला पाहून हसली, मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं.

दुपारी सिस्टरनी "चला आता" म्हटलं. चाकाची खुर्ची आणली होती, ती तिनं नको म्हटली. खोलीच्या उंबऱ्यापर्यंत स्वतःच्या पायांनी गेली आणि तिथं थांबली. तिनं चौकट धरली. सिस्टर म्हणाल्या, "या बाई." ती हलली नाही. मला वाटलं, संपलं. ही आता वळणार.

"सिस्टर," ती म्हणाली, आवाज पार बसलेला, "मी येते. पण कडी लावू नका."

"असं कसं, बाई? दार बंद करायला लागतं."

"पडदा ओढा. दार लोटा. पण कडी लावू नका. बाहेरच्यांना ऐकू यायला पाहिजे आणि मला बाहेरचं ऐकू यायला पाहिजे. नाहीतर मी इथंच उभी आहे."

सिस्टरनी तिच्याकडं पाहिलं. एवढे महिने बाकावर लिंबू हुंगत बसलेली ही बाई त्यांना चांगली माहीत झाली होती. "बरं," त्या म्हणाल्या. "या."

सुजाता आत गेली.

ती पुष्कळ ओरडली. मी खोटं सांगणार नाही, शाळेतला तो आवाज सगळा त्या दुपारी लागला. मधे डॉक्टरीणबाईंचं ऐकू यायचं, "आता मी हे करतेय, आता असं होईल," आणि सुजाताचं धापा टाकत "हो." मग एक कळ आली तेव्हा ती ओरडली, "अक्का."

अक्का बाकावरून उठून दारापाशी गेली. फटीला तोंड लावून म्हणाली, "हाय मी."

"अक्का."

"हाय गं. हितंच हाय."

असं किती वेळ चाललं, मला सांगता येत नाही. आतून हाक, बाहेरून ओ. त्यांची म्हातारी आई पदर तोंडात धरून ऐकत होती. मी दोन बाळंतपणं केली, माझ्या दोन्ही वेळी दार घट्ट बंद होतं आणि असं कुणी ओ देणारं असावं हे मला सुचलंही नव्हतं. मग एकदा हाक आली नाही. अक्का दारावर हात ठेवून तशीच उभी राहिली. आणि मग पोराचं रडणं ऐकू आलं, सगळ्या व्हरांड्याला.

मुलगी झाली. टाके पडले, ताप आला, दोन दिवसांनी गेला. अक्का सव्वा महिना बहिणीपाशी राहिली.

पुढं माझी बदली आंबेगाव तालुक्यात झाली आणि भेटी कमी झाल्या. तिला शेवटची पाहिली ती नारायणगावच्या स्टँडवर, पाच-सहा वर्षांनी. केसांत थोडं पांढरं आलेलं, बाकी तशीच. सोबत मुलगी, पहिलीत जाणारी, केळीवाल्याशी भांडत होती की तू मला डागाळलेलं केळं दिलंस. आम्ही इकडचं तिकडचं बोललो. आणि मग मीही तेच विचारलं जे तिला सगळे विचारत असणार.

"आता दुसऱ्याचं काय? एक झालं, आता भीती गेली असेल."

"सासूबाई पण हेच म्हणतात," ती म्हणाली. "भीती कुठं जाते, मंदाताई. अजून दवाखान्यावरून गाडी गेली तरी तळहाताला घाम येतो. मुलगा पाहिजे म्हणून घरात लई दिवस चाललं. मी सांगून टाकलं, आता त्या खोलीत मी जाणार नाही."

"पण त्या वेळी तर गेलीस की. केवढी हिमतीनं गेलीस."

ती माझ्याकडं जरा नवलानं बघायला लागली, इतकं साधं मला कळू नये म्हणून.

"तेव्हा मला ही पाहिजे होती," ती म्हणाली.

जुन्नरची गाडी लागली. तिनं केळीवाल्याकडून पोरीला ओढून आणलं, पुढं घातलं आणि गर्दीतून वाट काढत चढली. मुलगी दाराजवळच्या सीटवर जाऊन बसली होती, तिला सरकवून तिच्या शेजारी बसली. गाडी सुटेपर्यंत दोघींचं त्या केळ्यावरूनच काहीतरी चाललेलं होतं.